‘रोज फिरायला जा’च्या पुढे

रायपूरच्या कुठल्याही दवाखान्यातून मधुमेहाचा, रक्तदाबाचा किंवा हृदयविकाराचा रुग्ण बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर औषधांची नावं असतात. प्रत्येक नावापुढे सकाळ-दुपार-रात्र लिहिलेलं असतं, जेवणाआधी की जेवणानंतर तेही असतं. शेवटची ओळ मात्र बहुधा एवढीच असते : रोज फिरायला जाणे. किती वेळ, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती वेगानं, काय झालं तर थांबायचं, यातलं काही तिथे नसतं. मी या शहरात बरीच वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आहे. माझं अर्ध्याहून अधिक काम म्हणजे त्या ओळीत लिहायचं राहून गेलेलं सगळं रुग्णाशेजारी बसून भरून काढणं.

माणसं ती ओळ मनावर घेत नाहीत, असं मुळीच नाही. रायपूरकर ज्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात त्या तेलीबांधा तलावाच्या काठी पहाटे जाऊन पाहा, गांधी उद्यानात किंवा अनुपम गार्डनमध्ये पाहा. निवृत्त कारकून, पंडरीच्या बाजारातले कापडवाले, साडीवर स्पोर्ट्स शूज चढवलेल्या काकू अशी सगळी मंडळी दिसतात. त्यांतल्या अनेकांना नुकतंच निदान झालेलं असतं. पहिले पंधरा दिवस जोमात जातात. मग गुडघा सुजतो, टाच दुखते, एखाद्या दिवशी चक्कर येते, उन्हाळा लागतो आणि चालणं बंद पडतं. बंद पडलं की घरचे म्हणतात, आळस केला. रुग्णही तेच म्हणू लागतो. मी पाहिलेल्यांत खरा आळस फार थोड्यांचा होता. बाकीच्यांना त्यांच्या शरीराच्या मापाचा व्यायाम कोणी दिलाच नव्हता.

आमच्याकडे कोणी ‘मधुमेहासाठी व्यायाम सांगा’ म्हणून येत नाही. लोक दुखणं घेऊन येतात. याला इतिहासही आहे. या देशात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते पोलिओच्या काळात. १९५३ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली शाळा उभी राहिली. पोलिओनंतर लकवा आला, मोडलेली हाडं आली, मणक्याचे आजार आले. त्यामुळे लोकांच्या लेखी आम्ही शेक देणारे, करंट लावणारे. पण दुखऱ्या सांध्याच्या मागे काय आहे ते पाहू लागलं की दर वेळी तेच आजार भेटतात. खांदा आखडलेल्या माणसाला साखर विचारली तर ती वाढलेली निघते, कारण मधुमेह असलेल्यांचे खांदे इतरांपेक्षा जास्त आखडतात. गुडघ्याच्या रुग्णाला रक्तदाब असतो आणि वजनही वाढलेलं असतं. दुखणं हे दार झालं. आत वर्षानुवर्षांचा आजार असतो, आणि तोच आमच्या कामाचा खरा विषय आहे.

चौबे कॉलनीतल्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. १९३५ साली स्थापन झालेलं रायपूरचं महाराष्ट्र मंडळ याच भागात आहे, त्यामुळे तिथून येणाऱ्या रुग्णांशी बोलणं मराठीतच होतं. (इथे सांगितलेल्या सगळ्याच रुग्णांचे तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.) काकूंचं वय बासष्ट. मधुमेह दहा वर्षांचा. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्यांनी तलावाला फेऱ्या सुरू केल्या आणि महिन्याभरात दोन्ही गुडघे सुजले. चालणं थांबलं, साखर वाढली, गोळी वाढली. “अगं, मला चालायला सांगितलंय आणि चालताच येत नाही. आता मी करू तरी काय?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला जवळजवळ रोज कोणीतरी विचारतं.

आम्ही त्यांना एका साध्या खुर्चीवर बसवलं, हात छातीशी घ्यायला सांगितले आणि तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजलं. साठ ते चौसष्ट वयाच्या स्त्रीला १२ वेळा उठता यायला हवं. त्याहून कमी म्हणजे पायांत बळ कमी आणि पडण्याचा धोका जास्त. काकूंना सात वेळा जमलं, तेही शेवटी मांडीवर हात टेकून. मांडीचे स्नायू इतके दुबळे असताना तासभराच्या फेरीचा सगळा भार गुडघ्याच्या सांध्यावर येत होता. म्हणून आम्ही तलावाची फेरी काही काळ बाजूला ठेवली. खुर्चीवर उशी ठेवून थोड्या उंचीवरून उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला हात लावून छातीचा व्यायाम, असं एकाआड एक दिवस सुरू केलं. त्याच्या जोडीला दोन्ही जेवणांनंतर घरातल्याच व्हरांड्यात दहा मिनिटं सावकाश चालणं. उशी आधी पातळ झाली, मग गेली. काही महिन्यांनी त्या तेरा वेळा उठत होत्या. साखरही उतरणीला लागली आणि त्यांच्या डॉक्टरांनी गोळी आणखी वाढवायचा बेत थांबवला. काकूंना मात्र सर्वांत मोठा आनंद झाला तो हळदीकुंकवाला सतरंजीवर बसून कोणाचा हात न धरता उठता आल्याचा.

हे कसं घडतं ते मी प्रत्येक रुग्णाला सांगते, कारण ते कळलं की माणूस टिकतो. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा आपले स्नायू उचलतात. एरवी त्यासाठी इन्सुलिन लागतं. पण स्नायू काम करत असताना तो इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेतो. मधुमेहात इन्सुलिनचा परिणाम कमी झालेला असतो, तरी हा दुसरा मार्ग बऱ्याच अंशी मोकळा असतो. व्यायामाचा हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका असं आम्ही सांगतो. रविवारी एकदम दोन तास चालून आठवड्याची भरपाई होत नाही.

छत्तीसगडमध्ये स्नायूंचं महत्त्व आणखी एका कारणानं आहे. आमच्याकडे मधुमेहाचे कितीतरी रुग्ण बारीक अंगाचे असतात. ‘मी तर सडपातळ, मला साखर कशी?’ असं ते विचारतात. याचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात आहे. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखीच दिसणारी भारतीय शरीरं आतून स्नायूंनी कमी आणि चरबीनं जास्त असतात. अशा माणसाला ‘वजन कमी करा’ हा सल्ला अपुरा आहे. त्याला स्नायू कमवायचे आहेत, आणि ते नुसत्या चालण्यानं फारसे वाढत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे. हे वाक्य आता पुष्कळांना पाठ आहे. त्याच मार्गदर्शनात आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम सांगितले आहेत, आणि वयस्करांसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस. हा भाग माझ्याकडे येणाऱ्यांना क्वचितच माहीत असतो. ‘मध्यम श्रम’ कसे ओळखायचे याची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

व्यायामाचा डोस ठरवताना रुग्णाची औषधं समोर ठेवावीच लागतात. पंडरीतले एक दुकानदार पहाटे रिकाम्या पोटी तासभर झपझप चालायचे. वाटेत घाम फुटायचा, हात थरथरायचे. हृदयाचं काही असेल या भीतीनं त्यांनी चालणं सोडलं होतं. त्यांच्या चिठ्ठीत ग्लिमेपिराइड होतं. ते शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं, त्यात व्यायामानं साखर आणखी खाली जाते. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही चालणं नाश्त्यानंतर नेलं, निघण्याआधी साखर मोजायला शिकवलं आणि ती १०० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याशिवाय निघायचं नाही, खिशात साखरेची पुडी ठेवायची, असं ठरवलं. त्यांचं चालणं पुन्हा सुरू झालं, कारण भीतीला नाव मिळालं होतं.

मेटोप्रोलॉलसारखी गोळी घेणाऱ्याची नाडी श्रम केले तरी फारशी वाढत नाही. त्याला मनगटावरच्या घड्याळातले ठोके पाहून व्यायाम करायला सांगणं निरर्थक आहे. त्याच्यासाठी आम्ही स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० अशी श्रमाची पट्टी वापरतो. किती जड वाटतंय ते रुग्ण स्वतः सांगतो. डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम वाढलेला असेल तर श्वास रोखून वजन उचलणं आणि शीर्षासनासारखी डोकं खाली असलेली आसनं बंद. पायांची संवेदना गेली असेल तर ती १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूनं एका मिनिटात कळते. दवावर अनवाणी चालल्यानं साखर उतरते असं ऐकून गवतावर चालणारे पुष्कळ भेटतात. पाय बधिर असताना काटा रुतलेला कळत नाही. जखम दिसते तेव्हा ती खोल गेलेली असते, आणि त्यातून पाऊल गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. या एका सवयीपासून माणसाला परावृत्त करणं हे माझ्या कामातलं फार मोठं काम आहे.

हृदयरुग्णांच्या बाबतीत अडसर असतो भीतीचा. रेल्वेच्या डब्ल्यूआरएस कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका बायपासनंतर खोलीतून बाहेर पडेनात. काकू त्यांना पाण्याचा जगही उचलू देत नव्हत्या. ही भीती एके काळी वैद्यकशास्त्रातही होती. हृदयविकाराचा झटका आलेल्याला कित्येक आठवडे पलंगावर निजवून ठेवत. १९५२ साली अमेरिकेत सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेही धाडस वाटलं होतं. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवलं की दुमजली बसच्या जिन्यावर दिवसभर चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना, बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो. तेव्हापासून पुरावा वाढतच गेला आहे. देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्या हृदयरुग्णांचे हृदयविकारानं होणारे मृत्यू कमी होतात आणि पुन्हा रुग्णालयात भरती होण्याची वेळ कमी येते.

काकांचा व्यायाम मी काकूंना शेजारी उभं करून घेतला. आधी रक्तदाब, मग पाच मिनिटं दालनात चालणं, पुन्हा रक्तदाब. आकडे काकूंनाच वाचायला लावले. किती वाढ चालते, छातीत दडपण किंवा डाव्या हातात कळ आली तर काय करायचं, हे त्यांना आधी शिकवलं. जग उचलायची परवानगी अखेर काकूंनीच दिली. घरातल्या माणसाची भीती गेल्याशिवाय रुग्णाचं पाऊल पुढे पडत नाही, म्हणून मी आता जवळच्या एका तरी माणसाला सोबत घेऊन या असं आग्रहानं सांगते.

आरंग, अभनपूरकडून येणाऱ्या बायकांचं चित्र वेगळं. “गोड़ पिराथे, नोनी,” पाय दुखतात गं पोरी, असं म्हणत त्या जमिनीवरच बसतात. त्यांना व्यायाम सांगितला की सोबत आलेला मुलगा म्हणतो, “ती दिवसभर शेतात राबते, तिला आणखी कसला व्यायाम?” हा प्रश्न योग्य आहे आणि त्याला मान देऊनच उत्तर द्यावं लागतं. धानाची रोपणी म्हणजे चिखलात तासन्‌तास कमरेतून वाकून काम. त्यात शरीर दमतं, पण तेच ते स्नायू, त्याच दिशेनं, मनाप्रमाणे थांबण्याची मुभा नसताना वापरले जातात. कंबर झिजते, पाठ सरळ करणारे स्नायू मात्र बळकट होत नाहीत. कापणी संपली की पुढे कित्येक महिने तेवढीही हालचाल उरत नाही. अशा बाईला मी वेगळा तास काढायला सांगत नाही. रोपणीच्या दिवसांत मध्येमध्ये उभं राहून पाठीमागे वाकणं आणि रात्री उताणं पडून कंबर उचलणं. कामाचा हंगाम सरला की खाटेवरून उठणं-बसणं आणि चालणं. तिचा व्यायाम शेतीच्या पंचांगानं बदलतो.

याच बायकांपैकी अनेकींची फुप्फुसं चुलीच्या धुरानं गेलेली असतात. आयुष्यात विडी ओढलेली नसते, पण लाकडं आणि शेणी जाळून चाळीस वर्षं स्वयंपाक केलेला असतो. दम लागतो म्हणून त्या बसून राहतात. बसून राहिल्यानं पाय दुबळे होतात. दुबळ्या पायांना चार पावलांसाठीही जास्त प्राणवायू लागतो आणि दम आणखी वाढतो. व्यायामानं त्यांची फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत, हे मी स्पष्ट सांगते. पाय बळकट होतात, तेवढ्याच प्राणवायूत जास्त काम करू लागतात आणि दम उशिरा लागतो. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायला शिकवलं की लागलेला दम लवकर बसतो. प्रगती मोजायला ३० मीटरचा सरळ बोळ आणि एक घड्याळ पुरतं. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालला, एवढंच पाहायचं. त्यात साधारण ३० मीटरची वाढ झाली की रुग्णाला फरक जाणवू लागतो. एक दाई २१० मीटरवरून २७० मीटरवर आली. गावच्या तरियावर, म्हणजे तळ्यावर, न थांबता आंघोळीला जाता येतं असं तिनं सांगितलं, तेव्हा ते साठ मीटर कुठे पोहोचले ते मला कळलं.

काय करायचं नाही हे सांगण्याची जबाबदारी छत्तीसगडमध्ये फार मोठी आहे, कारण सिकलसेलचा आजार इथे घरोघरी भेटतो. रायपूरमध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था आहे. २०२३ च्या जुलैमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं ते शेजारच्या मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून. या आजारात तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पाणी कमी पडलं, ऊन किंवा थंडी जास्त झाली, दम निघेपर्यंत धावलं की वेदनेचा झटका येऊ शकतो. सिकलसेल असलेला, पोलीस भरतीसाठी रोज धावणारा एक मुलगा खुब्याच्या दुखण्यासाठी आला होता. मोच समजून कुठेतरी मालिश चालू होती. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बिघडला असल्याची शंका मला आली, कारण सिकलसेलमध्ये ते वारंवार होतं. मी व्यायाम दिला नाही, अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पुढे उपचार सुरू झाल्यावर तो परत आला. तेव्हा खुब्यावर भार न टाकता पोट, पाठ आणि हात बळकट करणारे हलके व्यायाम, मध्ये भरपूर विश्रांती, सतत पाणी, असा क्रम लावला. भरतीचं मैदान आता त्याच्यासाठी नाही, हे त्या वयाच्या मुलाला सांगणं कठीण गेलं. पण खोटी उमेद देणं त्याच्या हाडावर बेतलं असतं.

रायपूरच्या उन्हाचाही हिशेब ठेवावा लागतो. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि नवतपाच्या दिवसांत पहाटही तापलेली असते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यानं अशा हवेत फिरायला जाणं धोक्याचं आहे. म्हणून आमच्या प्रत्येक रुग्णाकडे दोन वेळापत्रकं असतात. हिवाळ्यात बाग आणि तलाव. उन्हाळ्यात आणि पावसाच्या झडीत घरातला जिना, खुर्ची, भिंत, पाण्यानं भरलेल्या बाटल्या. पूर्वी उन्हाळ्यात सगळ्यांचा खंड पडायचा. आता तो बऱ्याच जणांचा पडत नाही.

व्यायाम टिकतो तो मुख्यतः विचारपूस करणाऱ्या माणसामुळे. २००२ साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात आहार आणि हालचाल बदलल्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिननं ३१ टक्क्यांनी. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासातही जीवनशैली बदलणाऱ्या गटात २८.५ टक्के घट दिसली. हे आकडे सगळीकडे सांगितले जातात. पण अमेरिकेतल्या त्या अभ्यासात प्रत्येकाला एक प्रशिक्षक होता, सुरुवातीला सोळा बैठका होत्या आणि नंतरही संपर्क चालू होता, हे क्वचित सांगितलं जातं. ५८ टक्के हे त्या सोबतीसकटचं फळ आहे. हातात छापील कागद देऊन ते मिळणार नाही.

आपल्याकडे ही सोबत कमी पडते. एका रुग्णालयात माझ्यासमोर एका रुग्णाला व्यायामासाठी पाठवलं गेलं ते निदानानंतर तब्बल चौदा वर्षांनी, तेही खांदा पूर्ण आखडल्यावर. विम्याचे पैसे बहुधा भरती झाल्यावरच मिळतात; भरती होऊ नये म्हणून केलेल्या व्यायामाला ते मिळत नाहीत. ऑस्ट्रेलियात दीर्घ आजाराच्या रुग्णाला सरकारी योजनेतून वर्षाला पाच भेटींसाठी मदत मिळते आणि त्या भेटी व्यायामतज्ज्ञाकडेही घेता येतात. आपल्याकडे २०२१ च्या राष्ट्रीय कायद्यानं फिजिओथेरपीसह अनेक संलग्न वैद्यकीय व्यवसायांना एका चौकटीत आणलं. पण तालुक्याच्या रुग्णाला त्याचा उपयोग तेव्हाच होईल, जेव्हा तिथे माणूस नेमला जाईल.

गरज किती मोठी आहे, ते आकडेच सांगतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात प्रौढांपैकी ११.४ टक्क्यांना मधुमेह आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’नं छापलं की २०२२ साली भारतातले ४९.४ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. एवढ्या सगळ्यांना फिजिओथेरपिस्टची गरज नाही. ज्याला आजार नाही त्यानं जिममध्ये जावं, योगवर्गाला जावं, कबड्डी खेळावी. महाराष्ट्राला तर याची जुनी परंपरा आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं ते योगाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासण्यासाठी. आधी मोजावं, मग सांगावं, ही शिस्त त्यांनी घालून दिली. पण ज्याची साखर, हृदय, फुप्फुसं किंवा मूत्रपिंडं आधीच बिघडलेली आहेत, त्याची सुरुवात आजार जाणणाऱ्या माणसाच्या हाताखाली व्हावी. पुढे तो त्याच योगवर्गात किंवा जिममध्ये निर्धास्त जाऊ शकतो.

छत्तीसगडला हे शक्य आहे, कारण माणसांचं जाळं तयार आहे. २००२ पासून इथे गावोगावी मितानिन या आरोग्य कार्यकर्त्या काम करतात. देशभर आशा कार्यकर्त्या नंतर आल्या. २०१९ च्या २ ऑक्टोबरपासून हाट-बाजार क्लिनिक योजनेत आठवडी बाजारातच रक्तदाब आणि साखर तपासली जाऊ लागली. त्याच जागी खुर्चीवरून उठण्याची तीस सेकंदांची चाचणी घेता येईल. मितानिनला ती एका दुपारी शिकवता येते. ज्यांचा आकडा कमी येईल त्यांची नावं जिल्ह्याच्या फिजिओथेरपिस्टकडे जावीत आणि त्यानं ठरलेल्या बाजाराच्या दिवशी तिथे यावं. यंत्रं लागत नाहीत. काही खुर्च्या, एक घड्याळ, ३० मीटरची जागा आणि पगारावर नेमलेला जाणकार माणूस, एवढंच लागतं.

तुमच्या घरात दीर्घ आजाराचा रुग्ण असेल तर माझं सांगणं असं. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. व्यायाम त्यांच्या जोडीनं चालतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की मला कुठला व्यायाम चालेल, किती, आणि तो शिकवायला कोणाकडे पाठवाल. साखर-रक्तदाबाच्या वहीतच पायांच्या ताकदीचा आकडाही लिहीत जा. दुखणं सुरू होईपर्यंत थांबू नका. व्यायामतज्ज्ञाकडे जाण्याची योग्य वेळ निदान झालं तो आठवडा आहे. दीर्घ आजारात व्यायाम हा उपचार आहे, आणि तो देणारा माणूस सरकारनं औषधाच्या खिडकीइतकाच रुग्णाच्या जवळ ठेवला पाहिजे.